तिकीट कोणाचं आणि हात कोणी लावायचा? (हेल्पडेस्कवाल्यांनी कृपया यावं)

सुतारपक्षी | रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी सिस्टिम बघतो. आम्ही चौघं आणि कॉम्प्युटर बाराशेच्या वर. दीड वर्षापूर्वी रिक्वेस्ट ट्रॅकर, म्हणजे आरटी, टाकलं. तक्रारी नोंदवायचं सॉफ्टवेअर, प्रत्येक तक्रारीचं एक ‘तिकीट’ बनतं. त्याआधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यावर सकाळी सात वाजता ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांखाली ‘प्रिंटर चालत नाही’ सापडायचं.

आरटी उत्तम चाललंय, पण परवानग्यांचा पार खिचडा झालाय. सुरुवातीला घाई होती, म्हणून ग्लोबल राइट्समध्ये (सगळ्या सिस्टिमला लागू होणारे अधिकार) जाऊन ‘प्रिव्हिलेज्ड’ या गटाला जवळजवळ सगळ्या चौकटींवर टिक केलं. तेव्हा त्या गटात आम्ही चौघंच होतो. पुढे प्रत्येक विभागातल्या लॅब असिस्टंटला लॉगिन दिलं, तेही प्रिव्हिलेज्ड झाले. त्यानंतर लेखा विभागाने स्वतःची वेगळी क्यू (तिकिटांची रांग) मागितली.

गेल्या आठवड्यात एका लॅब असिस्टंटने स्वतःचं जुनं तिकीट शोधायला ‘पीएफ’ असा शब्द टाकला आणि लेखा विभागाच्या क्यूमधलं एका सरांचं तिकीट समोर आलं. कपात किती, कर्जाचा हप्ता किती, सगळं. चहाच्या सुट्टीपर्यंत स्टाफरूमला पाठ झालं होतं. पोराचा दोष नाही, त्याला दिसलं म्हणून त्याने वाचलं.

मी लेखा क्यूच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘यांना दाखवू नये’ असं काही मिळतंय का ते शोधतोय. दोन रात्री गेल्या. कुठे असतं ते?

आणखी दोन दुखणी आहेत. एक, आमच्यातला एक जण दुसऱ्याची तिकिटं ‘स्टील’ करतो (स्वतःच्या नावावर ओढून घेतो) आणि सोपी असतील तेवढीच बंद करतो. महिन्याच्या अहवालात तोच पहिला. दुसरं, एक पोरगा नोकरी सोडून पुण्याला गेला, त्याच्या नावावर ३७ तिकिटं तशीच लटकली आहेत.

---

जुना_सर्व्हर | रविवार, रात्री ११:१५

‘यांना दाखवू नये’ कुठेच नसतं. शोधणं थांबव आणि झोप.

आरटीमध्ये परवानगी फक्त देता येते, नाकारता येत नाही. ग्लोबल दिलं की प्रत्येक क्यूला लागलं. क्यूच्या पातळीवर त्यात भर घालता येते, वजा करता येत नाही. म्हणजे ग्लोबलमधली ‘शो टिकेट’ची (तिकीट दिसण्याची) टिक काढायची आणि ज्या क्यूवर ज्या गटाला हवी तिथे एकेक करून द्यायची. दुसरा रस्ता नाही.

बाकी उद्या. डोळे मिटतायत.

---

खारघरकर | सोमवार, सकाळी ८:०५

आमच्याकडे (आयटी सपोर्ट, तीन शिफ्ट) नवीन पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट डोक्यात घालतो: मालकी वेगळी, परवानगी वेगळी. तिकिटाचा मालक म्हणजे युजरचा फोन आला तर उत्तर द्यायला बांधील असलेला माणूस. परवानगी म्हणजे तांत्रिकदृष्ट्या कोण काय करू शकतो. पहिली कामाची वाटणी, दुसरी कुलूप-किल्ली. तुझ्याकडे दोन्ही एकाच डब्यात गेलंय.

स्टील करणाऱ्याबद्दल म्हणशील तर बटण काढून घे. विषय संपला.

---

चकली_आणि_चहा | सोमवार, सकाळी ९:३०

विषय संपत नाही हो, खारघरकर. मी एका हॉस्पिटलच्या आयटीत आहे, नाशिकला. आमच्याकडे फ्रेशडेस्क आहे (असंच तिकिटांचं सॉफ्टवेअर, २०१० साली चेन्नईत सुरू झालेल्या कंपनीचं). त्यात प्रत्येक एजंटची (तिकिटं सोडवणाऱ्याची) कक्षा ठरवता येते: सगळी तिकिटं, फक्त आपल्या गटातली, किंवा फक्त स्वतःला दिलेली. सुरुवातीला आमच्या साहेबांनी शिस्त म्हणून सगळ्यांना तिसऱ्या प्रकारात टाकलं.

पुढे काय झालं ऐका. रात्रपाळीचा मुलगा एका वॉर्डातल्या प्रिंटरशी झगडत होता, त्याचं तिकीट त्याच्या नावावर. सकाळी तो घरी गेला. सिस्टरांचा फोन मला. मी तिकीट शोधतेय तर मला ते दिसतच नाही! रात्री त्याने काय केलं, कुठला ड्रायव्हर काढला, काही कळायला मार्ग नाही. त्याला झोपेतून उठवलं. त्याच्या आईने फोन उचलला आणि मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग ‘आपल्या गटातली’ केलं. आता त्यातही भानगड आहेच, कारण तिकिटाच्या विषयात पेशंटचं नाव लिहायची सगळ्यांना सवय. ‘अमुक काकूंचा एक्स-रे दिसत नाही.’ २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आल्यापासून आमचं व्यवस्थापन याबाबत जरा घाबरून असतं, आणि घाबरलेलं बरं. आम्ही नोंदणी क्रमांकच लिहा असा फलक लावलाय. निम्मे लोक ऐकतात.

---

अण्णा_मिरजेचे | सोमवार, दुपारी १२:२०

मी कॉम्प्युटरवाला नव्हे. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. पण धागा वाचून हसू आलं, कारण हे सगळं आम्ही कागदावर केलेलं आहे.

अर्ज आला की आवक नोंदवहीत क्रमांक पडायचा. मग तो कुठल्या टेबलाला मार्क केला ते लिहायचं. त्या क्षणापासून ती फाईल त्या टेबलाची. शेजारचा कारकून ती वाचू शके, साहेब मागवू शकत, पण तिच्यावर टिप्पणी टाकायची ती त्याच टेबलाने. आणि टेबल म्हणजे माणूस नव्हे बरं का! माणूस बदलला तर चार्ज द्यायचा. किती प्रकरणं प्रलंबित, कुठली कुठे अडली, याची यादी, खाली देणाऱ्याची सही आणि घेणाऱ्याची सही. यादीवर सह्या होईपर्यंत माणूस सुटायचा नाही.

तुमचा पुण्याला गेलेला मुलगा चार्ज न देता गेला. दोष त्याचा नाही, त्याला जाऊ देणाऱ्याचा.

---

सुतारपक्षी | सोमवार, दुपारी १:०२

अण्णा, जाऊ देणारा मीच. निरोपाला सामोसेपण मीच आणले होते.

---

जुना_सर्व्हर | सोमवार, रात्री ९:५०

अण्णांनी टेबल म्हटलं ते आरटीत क्यू. इथे पहिली गोम अशी की आरटीत ओनर (तिकिटाचा मालक) हा नेहमी एकच माणूस असतो. गट ओनर होत नाही. गटाला फार तर क्यूचा ‘अ‍ॅडमिन सीसी’ करता येतं, म्हणजे मेल सगळ्यांना जातात. कोणीच घेतलं नसेल तर ओनरच्या जागी ‘नोबडी’ दिसतो. तो खराखुरा युजर आहे, सिस्टिमने बनवलेला. आमच्याकडे त्याच्या नावाने वाढदिवसाचा केक कापायचा बेत होता, कारण सर्वात जास्त तिकिटं त्याच्याकडे.

आता हे अधिकार नीट समजून घे, कारण नावं फसवी आहेत.

‘ओन टिकेट’ असेल तरच माणूस ओनर होऊ शकतो आणि ओनरच्या यादीत त्याचं नाव दिसतं. ‘टेक टिकेट’ म्हणजे नोबडीकडचं तिकीट स्वतःकडे घेणं. ‘स्टील टिकेट’ म्हणजे दुसऱ्याच्या नावावरचं ओढून घेणं. आणि तिकीट दुसऱ्याच्या नावावर असताना ते परस्पर तिसऱ्याला द्यायला गेलास, तर आरटी म्हणतं की तुमचं स्वतःचं किंवा बिनमालकाचं असेल तेच देता येईल. म्हणून जुने लोक आधी चोरतात, मग दान करतात. नव्या आवृत्त्यांत त्यासाठी ‘रीअसाइन टिकेट’ असा वेगळा अधिकार आहे. तो एखाद-दोघांना दे, त्या ३७ तिकिटांचं काम होईल. युजर बंद केलास म्हणून त्याच्या नावावरची तिकिटं आपोआप सुटत नाहीत. खातं बंद, मालकी तशीच. सर्चमध्ये ओनर म्हणून त्याचं नाव टाक, रिझॉल्व्ह झालेली वगळ, जी यादी येईल तिला बल्क अपडेट (सगळ्यांत एकदम बदल).

तो स्टीलवाला. त्याचं बटण काढायच्या आधी तिकिटांचा इतिहास उघडून बघ. कोणाकडून ‘स्टोलन’ झालं ते तिथे तारीखवार लिहिलेलं असतं.

---

डसेलडॉर्फचा_बाळ्या | सोमवार, रात्री ११:३८ (भारतातले)

इकडे जर्मनीत आमच्या कंपनीत झ्नुनी आहे, हेही तिकिटांचं सॉफ्टवेअर. ओटीआरएसची मोफत आवृत्ती त्या कंपनीने गुंडाळल्यावर लोकांनी चालू ठेवलेली शाखा. तिची रीत आरटीपेक्षा वेगळी आहे, म्हणून सांगतो.

इथे प्रत्येक क्यू एका गटाची. त्या गटात माणसाला सुटे सुटे हक्क: फक्त वाचणं, क्यूमध्ये टाकणं, नवीन बनवणं, नोंद लिहिणं, ओनर बदलणं, प्रायॉरिटी बदलणं आणि शेवटी पूर्ण वाचन-लेखन. शिवाय ओनर आणि रिस्पॉन्सिबल अशा दोन जागा असतात. काम करतो तो ओनर, जबाब देतो तो रिस्पॉन्सिबल. आमच्याकडे रिस्पॉन्सिबल वापरतच नाहीत, पण ते असो.

सगळ्यात उपयोगी म्हणजे लॉक. मी उत्तर लिहायला घेतलं की तिकीट माझ्या नावाने कुलूपबंद. दुसऱ्याला दिसतं, पण त्यात काम करता येत नाही. आणि क्यूवर अनलॉकची मुदत लावता येते. मी कुलूप लावून जेवायला गेलो आणि मुदत संपली, की तिकीट परत मोकळं. म्हणजे चोरायची वेळच येत नाही.

---

खारघरकर | मंगळवार, सकाळी ८:१०

आणि जेवून आलास की तुझं अर्धवट लिहिलेलं उत्तर आणि दुसऱ्याचं पूर्ण उत्तर दोन्ही कस्टमरला जातात. बघितलंय मी हे.

---

डसेलडॉर्फचा_बाळ्या | मंगळवार, दुपारी १:१५

मुदत अर्ध्या तासाची ठेवली तर जाणारच. आम्ही सहा तास ठेवलीय. जेवायला सहा तास कोकणात लागतात, इथे नाही.

---

चकली_आणि_चहा | मंगळवार, दुपारी २:००

कोकणावर घसरू नका, माझं माहेर रत्नागिरी आहे.

सुतारपक्षी, मला एक विचारायचंय. तो स्टील करणारा खरंच चोर आहे का? कधी कधी उलट असतं. बाकीचे सकाळी आल्या आल्या दहा-दहा तिकिटं ‘टेक’ करून ठेवतात, कारण नोबडीच्या यादीत तिकिटं दिसली की साहेब ओरडतात. मग ती दिवसभर त्यांच्या नावावर पडून राहतात. जो खरं काम करतो त्याला चोरण्यावाचून गत्यंतर नसतं.

---

सुतारपक्षी | मंगळवार, रात्री १०:२०

ताई, तुमच्या या प्रश्नाने गोची केली.

इतिहास काढला. त्याने दोन महिन्यांत ५४ तिकिटं ओढली. त्यातली ४१ अशी, की मूळ ओनरने घेतल्यावर दोन दिवस त्यात एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. आणि मूळ ओनरांमध्ये सर्वात वरचं नाव माझं. सकाळी साडेनऊला सगळी ‘टेक’ करायची सवय माझीच. प्राचार्यांना बिनमालकाचा आकडा शून्य दाखवायला आवडायचं.

आज त्याला कॅन्टीनला नेऊन चहा पाजला. काय बोलायचं ते सुचेना, मग तोच म्हणाला, ‘सर, तुमच्याकडे जास्त होती म्हणून घेत गेलो.’

---

अण्णा_मिरजेचे | मंगळवार, रात्री १०:४५

चहा पाजलात ते उत्तम केलंत.

---

जुना_सर्व्हर | बुधवार, रात्री १०:०५

ठीक. मग रचना अशी कर. पायरी-पायरीने करशील तर दोन तासांचं काम.

आरटीत अधिकार गटाला देता येतात तसे भूमिकेलाही देता येतात: ओनर, रिक्वेस्टर (तिकीट टाकणारा), सीसी (ज्याला मेलची प्रत जाते), अ‍ॅडमिन सीसी. ही त्याची खरी ताकद आहे आणि निम्मे लोक तिला हातच लावत नाहीत. ‘मॉडिफाय टिकेट’ (तिकिटात बदल करणं) तुझ्या टीमच्या गटाला देऊ नकोस. ओनर या भूमिकेला दे. गटाला बघणं, टेक, ओन, रिप्लाय आणि कॉमेंट एवढंच. म्हणजे तिकिटाचं स्टेटस बदलायचं असेल तर आधी ते आपल्या नावावर घ्यावंच लागेल. स्टील हवं तर सगळ्यांना ठेव, तुझ्याकडची परिस्थिती बघता ठेवच.

तोटा आधीच सांगतो. स्पॅम आलेलं तिकीट रिजेक्ट करायलासुद्धा आधी टेक करावं लागेल. कुरकुर होईल.

आणखी एक सापळा. आरटीत नोबडीच्या तिकिटाला उत्तर दिलं की ते ‘न्यू’चं ‘ओपन’ होतं, पण ओनर नोबडीच राहतो. म्हणजे युजरला वाटतं काम चालू झालं, न्यूच्या यादीतून तिकीट गायब, आणि कोणाच्याच नावावर नाही. उत्तर देणाऱ्यालाच ओनर करणारी छोटी स्क्रिप (आरटीत आपोआप चालणारा नियम) लिही, नाहीतर रोज ‘ओपन आणि नोबडी’ असा सर्च बघायची सवय लाव.

लेखा क्यूसाठी वेगळा गट, त्यात लेखा विभागाचे लोक आणि तू. एवढंच.

---

चकली_आणि_चहा | बुधवार, रात्री १०:३०

कॉमेंटवरून आठवलं. कॉमेंट कोणाला दिसते तेही तपासा. आमच्या आधीच्या सिस्टिममध्ये एकाने एजंटांपुरती नोंद समजून ‘डॉक्टरांनी पुन्हा प्लग काढून मोबाइल लावलाय’ असं लिहिलं. ते उत्तर म्हणून डॉक्टरांनाच गेलं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी उत्तर पाठवलं: ‘हो. चार्जिंग संपलं होतं.’

---

जुना_सर्व्हर | बुधवार, रात्री १०:४१

आरटीत त्याला ‘शो टिकेट कॉमेंट्स’ असा स्वतंत्र अधिकार आहे. तो रिक्वेस्टर भूमिकेला किंवा ‘एव्हरीवन’ला (म्हणजे कोणालाही, लॉगिन नसलेल्यालासुद्धा) दिलेला असेल तर आजच काढ. रिप्लाय बाहेर जातो, कॉमेंट आत राहते, पण हा अधिकार चुकून दिला की कॉमेंटही बाहेरची झाली.

---

अण्णा_मिरजेचे | गुरुवार, सकाळी ७:३०

आमच्या फाईलला दोन बाजू असत. एका बाजूला टिप्पणी, दुसरीकडे पत्रव्यवहार. पत्र अर्जदाराला जाई, टिप्पणी कार्यालयात राही. टिप्पणीत लोक मन मोकळं करायचे. पुढे माहितीचा अधिकार आला (२००५), अर्जदार टिप्पणीची नक्कलही मागू लागले. त्यानंतर सगळ्यांची भाषा एकदम सुसंस्कृत झाली. आमच्या एका साहेबांचा ठरलेला शेरा होता, ‘अर्जदार विक्षिप्त आहे.’ तो बदलून त्यांनी ‘अर्जदार पाठपुरावा करणारे आहेत’ असा केला.

---

सुतारपक्षी | सोमवार, दुपारी ४:१० (पुढच्या आठवड्यातला)

खबर देतो.

शनिवारी रात्री बसलो आणि ग्लोबल राइट्स धुऊन काढले. प्रिव्हिलेज्डच्या टिका काढल्या, एव्हरीवनच्या काढल्या, क्यूवार गटांना दिल्या, मॉडिफाय ओनर भूमिकेला. लॅब असिस्टंटचं लॉगिन घेऊन ‘पीएफ’ शोधलं, काही दिसलं नाही. समाधानाने झोपलो.

आज सकाळी आलो तर एकही नवीन तिकीट नाही. दहा वाजले, अकरा वाजले. मनात म्हटलं, कॉलेज सुधारलं. साडेअकराला मेकॅनिकलच्या एका मॅडम स्वतः चालत आल्या, ‘मेल परत येतोय हो तुमचा.’

---

जुना_सर्व्हर | सोमवार, दुपारी ४:१४

एव्हरीवनचं ‘क्रिएट टिकेट’ काढलंस.

---

सुतारपक्षी | सोमवार, दुपारी ४:२२

काढलं. आणि ‘रिप्लाय टू टिकेट’सुद्धा. म्हणजे जुन्या तिकिटांना आलेली उत्तरंही परत जात होती. मेलवरून येणारा माणूस आरटीच्या लेखी परकाच, त्याला दार उघडं ठेवायला लागतं हे विसरलो. दोन्ही क्यूवार परत दिलं. लेखा क्यूवर एव्हरीवनला फक्त क्रिएट ठेवलं, उत्तर द्यायचा आणि बघायचा हक्क तिथे रिक्वेस्टर भूमिकेला. अर्ज टाका आणि आपलाच बघा.

३७ तिकिटं वाटली. त्यातली २२ तर युजर कधीच विसरून गेले होते. एक तिकीट माझंच निघालं, माझ्या टेबलावरच्या यूपीएसचं.

बाकी कुरकुर सांगितल्याप्रमाणे स्पॅमवरून झाली.

आता नवीन प्रश्न. प्राचार्य म्हणतात, ‘मला सगळं दिसलं पाहिजे, मला सुपरयूजर करा.’ शब्द कुठून शिकले देव जाणे.

---

खारघरकर | सोमवार, सायंकाळी ५:००

अजिबात करू नकोस. सुपरयूजर म्हणजे कुठल्याही क्यूची कुठलीही गोष्ट, सगळ्या नियमांच्या वरून. डिलीटसुद्धा. केलेली सगळी मेहनत एका टिकने पाण्यात.

---

अण्णा_मिरजेचे | सोमवार, सायंकाळी ५:२५

नाही म्हणू नका. साहेबांना नाही म्हणायचं नसतं. ‘सर, तुमच्यासाठी स्वतंत्र व्यवस्था केली आहे’ म्हणायचं.

---

जुना_सर्व्हर | सोमवार, रात्री ९:३०

‘निरीक्षण’ नावाचा गट कर. त्यात प्राचार्य. लेखा सोडून प्रत्येक क्यूवर ‘सी क्यू’ (क्यू दिसणं) आणि ‘शो टिकेट’. ओन नाही, टेक नाही, मॉडिफाय नाही. कॉमेंट्स दाखवायच्या की नाहीत ते तू ठरव, अण्णांची ती साहेबांची गोष्ट आठवून. लेखाचं त्यांनी लेखाधिकाऱ्यांना विचारावं.

---

सुतारपक्षी | बुधवार, दुपारी १२:४०

केलं. अण्णांचं वाक्य जसंच्या तसं वापरलं, सर खूश. आठवडी अहवालाचा डॅशबोर्डही त्यांच्या मेलवर लावून दिला. आज सकाळी बोलावलं होतं. म्हणाले, बिनमालकाचा आकडा परवा शून्य होता, आज अकरा कसा? सांगितलं की सर, आता काम हातात घेतल्यावरच तिकीट नावावर घेतो. थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग विचारलं, ‘हे नोबडी कोण? आपल्याकडे कधी जॉइन झाले?’